गुण आला, पण कशाने? दमा, झाडपाला आणि औषधाची पारख

‘डॉक्टर, हा पंप जन्मभर घ्यायचा का? त्यापेक्षा झाडपाल्याचे काही घेतले तर नाही का चालणार?’ दम्याच्या रुग्णांपैकी हा प्रश्न न विचारणारा रुग्ण विरळाच. आमच्या राजोडीकडे तर हा प्रश्न अगदी स्वाभाविक आहे. वाडीच्या कुंपणाला अडुळसा असतो, कारण गुरे त्याला तोंड लावत नाहीत. अंगणात तुळस आणि गवती चहा असतो, मांडवावर नागवेल असते. खोकला झाला की आजी अडुळशाची पाने वाफवून रस काढते आणि त्यात मध घालून देते. बहुतेकांना त्याने बरेही वाटते. मग जे खोकल्याला चालते ते दम्याला का चालू नये?

प्रश्न रास्त आहे. त्यावर ‘हे सगळे थोतांड आहे’ असे म्हणून हात झटकणारे डॉक्टर मला पटत नाहीत, आणि ‘वनस्पती आहे म्हणजे अपाय नाहीच’ असे म्हणणारेही पटत नाहीत. वनस्पतीत औषध असू शकते. पण ते आहे की नाही हे ठरवायचे कसे, आजच्या लेखात मुख्यतः याविषयी.

झाडांनी दिलेली औषधे

दम्यावर आज आपण जी औषधे वापरतो किंवा काल-परवापर्यंत वापरत होतो, त्यांतल्या अनेकांचे मूळ वनस्पतींत आहे.

धोतऱ्याची वाळलेली पाने जाळून त्याचा धूर ओढण्याचा उपाय आपल्या देशात फार जुना आहे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीस, १८०२ च्या सुमारास, तो मद्रासहून इंग्रजांबरोबर एडिनबरोला पोचला. पुढे शंभर-सव्वाशे वर्षे युरोपात दम्याच्या रुग्णांसाठी धोतऱ्याच्या सिगारेटी विकल्या जात होत्या. धोतऱ्यातील अॅट्रोपीन श्वासनलिकांचे आकुंचन कमी करते, पण त्याबरोबर तोंड कोरडे पडते, छातीत धडधडते, डोळ्यांपुढे अंधुक होते आणि मात्रा थोडी वाढली की माणूस बरळू लागतो. रसायनशास्त्रज्ञांनी या रेणूत बदल करून इप्राट्रोपियम तयार केले. ते फुप्फुसात काम करते आणि रक्तात फारसे उतरत नाही. रुग्णालयात तीव्र झटक्याच्या वेळी वाफेच्या यंत्रातून ते आजही देतात.

चीनमध्ये ‘मा हुआंग’ या झुडपाचा काढा दम्यावर देत. जपानी शास्त्रज्ञ नागाई यांनी १८८५ मध्ये त्यातून एफेड्रिन वेगळे काढले. १९२४ मध्ये चेन आणि श्मिट यांनी पेकिंगमध्ये त्याचा पद्धतशीर अभ्यास प्रसिद्ध केला आणि एफेड्रिनच्या गोळ्या जगभर गेल्या. चहाच्या पानांतून १८८८ मध्ये थिओफिलीन मिळाले. त्याच्याही आधी, १८६० च्या सुमारास, हाइड सॉल्टर हे इंग्रज डॉक्टर दम्याच्या रुग्णांना कडक कॉफी प्यायला सांगत. ते स्वतःही दमेकरी होते. इजिप्तमधील एका रानटी वनस्पतीच्या बियांत खेलिन हे द्रव्य असते. त्यावरून १९६५ मध्ये सोडियम क्रोमोग्लायकेट तयार झाले. रॉजर अल्टुन्यान या दमेकरी डॉक्टरने त्यासाठी वर्षानुवर्षे स्वतःवर प्रयोग केले. ज्या गोष्टीने दम लागतो ती मुद्दाम हुंगायची, मग नवे द्रव्य घ्यायचे आणि श्वास मोजायचा, असा त्यांचा क्रम असे.

आपला अडुळसाही या रांगेत आहे. त्यातील व्हॅसिसिन हे द्रव्य एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वेगळे काढले गेले. १९५९ मध्ये ‘नेचर’ या प्रसिद्ध नियतकालिकात अमीन आणि मेहता यांनी अडुळशातील व्हॅसिसिनोन हे द्रव्य श्वासनलिका रुंद करते असे दाखवले. व्हॅसिसिनच्या धाग्यावरून पुढे ब्रोमहेक्सिन आणि त्यातून अॅम्ब्रोक्सॉल आले. खोकल्याचे पातळ औषध घ्याल तेव्हा बाटलीवरचे लेबल वाचून पाहा. आजीच्या अडुळशाचे हे दूरचे नातलग त्यात बहुधा सापडतील.

म्हणजे झाडपाल्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. मात्र या प्रत्येक औषधाला एका चाळणीतून जावे लागले. ती चाळणी कशासाठी लागते हे समजण्यासाठी आधी दमा समजून घेऊ.

दमा हा फसवा आजार

दम्यात श्वासनलिकांच्या आतल्या अस्तराला सूज असते. त्यामुळे त्या हळव्या होतात. धूळ, धूर, बुरशी, सर्दीचा विषाणू, थंड हवा, काहींच्या बाबतीत अगरबत्ती किंवा फोडणीचा खाट, यांपैकी काहीही लागले की नलिकांभोवतीचे स्नायू आवळतात, चिकट कफ सुटतो आणि वाट अरुंद होते. आत घेतलेला श्वास बाहेर सोडताना शिट्टीसारखा आवाज येतो. काही वेळाने, औषधाने किंवा कधी आपोआपही, वाट मोकळी होते.

‘आपोआपही’ हा शब्द महत्त्वाचा आहे. दमा दिवसागणिक, ऋतूगणिक आणि वयागणिक बदलतो. लहानपणी घरघर होणाऱ्या अनेक मुलांचा त्रास मोठेपणी कमी होतो. काहींचा पावसाळ्यात वाढतो, काहींचा थंडीत. असा चढउतार असलेल्या आजारात कोणत्याही औषधाला यश मिळणे सोपे असते. ते कसे, पाहा.

पहिले कारण असे की माणूस नवे औषध कधी घेतो? त्रास अगदी टोकाला गेल्यावर. टोकाला गेलेली लाट उतरणारच असते. ती उतरते आणि श्रेय त्या आठवड्यात घेतलेल्या औषधाला मिळते.

दुसरे कारण ऋतू. कोजागरीच्या रात्री चांदण्यात ठेवलेल्या दुधातून किंवा खिरीतून दम्याचे औषध देण्याची प्रथा महाराष्ट्रात अनेक ठिकाणी आहे. हैदराबादला दरवर्षी जूनमध्ये, मृग नक्षत्राच्या सुमारास, जिवंत मासोळीच्या तोंडात औषध घालून ती गिळायला देतात. त्यासाठी आपल्याकडूनही लोक जातात. औषध वर्षातून एकाच ठरलेल्या दिवशी दिले, तर नंतरचा उतार औषधाचा की बदललेल्या हवेचा, हे घेणाऱ्याला कळणार कसे?

तिसरे कारण पथ्य. अशा औषधाबरोबर बहुधा कडक पथ्य सांगतात. विडी बंद, दारू बंद, जागरण नको. विडी सुटली तर दमेकऱ्याला बरे वाटणारच. मग गुण मुळीचा की विडी सुटल्याचा?

चौथे कारण म्हणजे बरोबर चालू असलेली इतर औषधे. रुग्ण पंपही घेत असतो आणि काढाही. सांगताना मात्र तो काढ्याचेच सांगतो.

आणि पाचवे कारण विश्वास. याबद्दल एक अभ्यास मुद्दाम सांगण्यासारखा आहे.

बरे वाटणे आणि बरे होणे

२०११ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या नियतकालिकात बॉस्टनच्या डॉक्टरांचा एक अभ्यास छापून आला. दम्याच्या रुग्णांना त्यांनी वेगवेगळ्या दिवशी चार प्रकारे वागवले. एकदा सालब्युटामॉलचा खरा पंप दिला, एकदा औषध नसलेला नुसता दिखाऊ पंप, एकदा खोटे अॅक्युपंक्चर, तर एकदा काहीच नाही. ३९ रुग्णांनी हा अभ्यास पूर्ण केला.

यंत्रावर फुंकून घेतल्यावर खऱ्या पंपाने श्वासाची क्षमता सुमारे २० टक्क्यांनी वाढलेली दिसली. बाकीच्या तिन्हींत ती सुमारे ७ टक्केच वाढली, म्हणजे दिखाऊ उपाय आणि काहीच न करणे यांत यंत्राच्या दृष्टीने फरक नव्हता. परंतु रुग्णांना ‘किती बरे वाटले?’ असे विचारले तेव्हा उत्तर वेगळे आले. खऱ्या पंपाने सुमारे ५० टक्के आराम वाटला, दिखाऊ पंपाने ४५ टक्के आणि खोट्या अॅक्युपंक्चरने ४६ टक्के. काहीच न केलेल्या दिवशी मात्र फक्त २१ टक्के.

वाचकहो, या आकड्यांवर थोडा विचार करावा. ते रुग्ण खोटे बोलत नव्हते. त्यांना खरोखर बरे वाटले होते, पण त्यांच्या श्वासनलिका तितक्याच अरुंद होत्या. दम्यात हा फरक जिवावर बेतू शकतो. डोकेदुखीत ‘बरे वाटले’ म्हणजे काम झाले. दम्यात बरे वाटत असतानाही आतली सूज वाढत राहू शकते आणि एखाद्या रात्री अचानक वाट बंद होऊ शकते.

म्हणून ‘शेजारच्याला गुण आला’ हा पुरावा दम्यात पुरेसा ठरत नाही. शेजारी प्रामाणिक असला, तरीही.

पारख कशी करतात?

औषधाची पारख करण्याची रीत आपण भाजी पिकवणाऱ्याच्या भाषेत समजून घेऊ. नवे खत चांगले की नाही हे पाहायचे असेल, तर शहाणा बागायतदार सगळ्या वाडीला ते घालत नाही. तो काही वाफ्यांना घालतो, काहींना घालत नाही. पाणी, बियाणे आणि ऊन सारखेच ठेवतो. चांगल्या जमिनीचे वाफे निवडून फक्त त्यांनाच नवे खत दिले, तर तुलना खोटी ठरेल, हेही त्याला ठाऊक असते.

रुग्णांच्या बाबतीत तेच करायचे. कोणाला औषध द्यायचे आणि कोणाला नाही हे डॉक्टरच्या मर्जीवर न सोडता चिठ्ठ्या टाकून ठरवायचे. दुसऱ्या गटाला दिसायला आणि चवीला तशीच, पण औषध नसलेली पूड किंवा गोळी द्यायची. कोणाला काय मिळाले हे रुग्णालाही ठाऊक नको आणि तपासणाऱ्या डॉक्टरलाही नको. यालाच दुहेरी अंध चाचणी म्हणतात. डॉक्टर अंध कशासाठी? तर आपण ज्या औषधावर विश्वास ठेवतो त्याचा रुग्ण आपल्याला थोडा जास्तच बरा दिसतो. हा मनुष्यस्वभाव आहे.

मग मोजायचे. फक्त ‘कसे वाटते’ एवढेच नव्हे, तर फुंकण्याच्या यंत्रावरचा आकडा, महिन्यात आलेले झटके, रात्री दम लागून उठावे लागले असे दिवस आणि तातडीचा पंप किती वेळा ओढावा लागला हे सारे नोंदायचे. काही चाचण्यांत अदलाबदल करतात. आधी औषध घेणाऱ्याला नंतर दिखाऊ पूड आणि आधी दिखाऊ पूड घेणाऱ्याला नंतर औषध. त्यामुळे प्रत्येक रुग्णाची तुलना त्याच्या स्वतःशीच होते.

मुंबईत झालेली कुटकीची परीक्षा

हे सगळे परदेशातच होते असे कोणी समजू नये. दम्यावरच्या एका देशी मुळीची अशी परीक्षा आपल्या मुंबईतच झालेली आहे.

कुटकी ही हिमालयात वाढणारी वनस्पती. तिचे मूळ अत्यंत कडू असते. आयुर्वेदात ती यकृताच्या विकारांसाठी प्रसिद्ध आहे आणि आरोग्यवर्धिनी वटीत तिचा वाटा सर्वांत मोठा असतो. १९७५ मध्ये ‘बॉम्बे हॉस्पिटल जर्नल’मध्ये दम्यावर कुटकी दिल्याचा एक प्राथमिक अनुभव प्रसिद्ध झाला. तो आशादायक होता. १९७७ मध्ये महाजनी आणि कुलकर्णी यांनी गिनीपिगांवर कुटकीच्या मुळाच्या पुडीचे प्रयोग प्रसिद्ध केले. त्यांतूनही काही अनुकूल चिन्हे दिसली. एवढ्यावर थांबून ‘कुटकी हे दम्याचे औषध’ अशी जाहिरात करता आली असती.

परळच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉक्टर तेथे थांबले नाहीत. दोशी, शेट्ये, महाशूर आणि कामत यांनी दुहेरी अंध, अदलाबदलीची चाचणी केली आणि १९८३ मध्ये ‘जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन’मध्ये तिचा निष्कर्ष छापला. १४ ते ६० वर्षे वयाचे ७२ रुग्ण, १४ आठवड्यांचा काळ, कुटकीच्या मुळाची पूड ३०० मिलिग्रॅम दिवसातून तीन वेळा आणि तुलनेला दिखाऊ पूड, असे तिचे स्वरूप होते.

निष्कर्ष निराशाजनक निघाला. झटके, इतर औषधांची गरज आणि फुप्फुसाची क्षमता, यांपैकी कशातही कुटकीने लक्षणीय सुधारणा झाली नाही. उलट उलट्या, जुलाब, पुरळ, भूक मंदावणे, चक्कर असे त्रास दिखाऊ पुडीपेक्षा कुटकीने अधिक झाले.

‘म्हणजे एवढे करून हाती काहीच लागले नाही?’ असे कोणी विचारील. माझ्या मते पुष्कळ लागले. पहिल्या अनुभवात गुण दिसला आणि कडक चाचणीत तो टिकला नाही, हे कळणे म्हणजेच ज्ञान. ज्या रुग्णाने पंप सोडून कुटकीवर भिस्त ठेवली असती, त्याचा जीव या उत्तराने वाचू शकतो. आणि हे उत्तर कुटकीच्या द्वेषातून आलेले नाही. आपल्याच देशातील डॉक्टरांनी आपल्याच मुळीला न्याय देण्यासाठी केलेली ती परीक्षा होती. कुटकीचे इतर उपयोग यामुळे खोटे ठरत नाहीत. तो वेगळा प्रश्न, त्याची वेगळी परीक्षा.

अंतमूळ : एक न सुटलेला खटला

दुसरे उदाहरण अंतमूळ या वेलीचे. काही भागांत तिला पितमारीही म्हणतात. कोकणात ती आढळते. दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटमध्ये डॉ. शिवपुरी यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस तिच्यावर चाचण्या केल्या. रोज एक पान असे सहा दिवस चावून खायचे. ११० रुग्णांच्या चाचणीत आठवड्याअखेर पान खाणाऱ्यांपैकी ६२ टक्क्यांना मध्यम ते पूर्ण आराम वाटला, तर दिखाऊ उपचाराच्या गटात २८ टक्क्यांना. फरक मोठा होता आणि बातमी सर्वत्र पसरली.

परंतु या पानाने जीभ हुळहुळते, चव जाते, मळमळते आणि काहींना उलट्या होतात. ज्याची जीभ हुळहुळली त्याला आपण खरे औषध खाल्ले हे कळायचे राहील का? आणि हे एकदा कळले की बॉस्टनच्या अभ्यासात पाहिलेला विश्वासाचा खेळ सुरू होतो. पुढे इतरांनी चाचण्या केल्या. १९७८ मध्ये मद्रासला नेहमीच्या औषधाशी तुलना झाली. १९७९ मध्ये गुप्ता आणि सहकाऱ्यांच्या दुहेरी अंध चाचणीत अंतमूळ आणि दिखाऊ औषध यांत फरकच आढळला नाही.

२००० मध्ये ‘थोरॅक्स’ या छातीच्या रोगांवरील नियतकालिकात हंटली आणि अर्न्स्ट यांनी दम्यावरील वनौषधींच्या चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला. चिठ्ठ्या टाकून गट पाडलेल्या अशा फक्त १७ चाचण्या त्यांना मिळाल्या. त्यांपैकी आठ भारतीय औषधांच्या होत्या आणि त्यांतल्या पाच एकट्या अंतमुळाच्या. १७ पैकी नऊ चाचण्यांत काही उपयोग दिसला, पण बहुतेक चाचण्यांचा दर्जा कच्चा होता. निकाल असा की दार बंद झालेले नाही, पण दारातून कोणी आतही आलेले नाही.

मग अडुळसा घ्यायचा की नाही?

साध्या खोकल्याला, कफ सुटायला, मोठ्या माणसाने चमचाभर अडुळशाचा रस मधातून घेतला तर माझी हरकत नसते. गरम काढ्याने घसा शेकतो, कफ पातळ होतो, बरे वाटते. पण दम्याच्या उपचाराला पर्याय म्हणून अडुळसा पुरेसा आहे असे दाखवणारी मोठी, कडक चाचणी आपल्यापाशी नाही. पानातील द्रव्य नलिका रुंद करते असे प्रयोगशाळेत दिसले आहे. मात्र पानापानात त्याचे प्रमाण सारखे नसते आणि चमचाभर रसातून किती पोटात जाते याचे माप आपल्याकडे नसते.

काही पथ्ये मात्र कटाक्षाने पाळावीत. गर्भवतीने अडुळसा घेऊ नये, कारण त्यातील व्हॅसिसिन गर्भाशयाचे आकुंचन घडवते. एक वर्षाखालील बाळाला मध देऊ नये. धोतऱ्याची पाने ओढणे किंवा त्याच्या बिया खाणे हा प्रकार तर कोणीही करू नये. ते सरळ विष आहे.

नावगाव नसलेली पुडी

माझी खरी काळजी अडुळशाची नाहीच. काळजी आहे ती कागदाच्या पुडीत मिळणाऱ्या, घटकांची नावे नसलेल्या चूर्णाची. ‘तीन दिवसांत दमा मुळासकट’ असे सांगून ती विकतात आणि गंमत अशी की पुष्कळदा तीन दिवसांत खरोखर गुण येतो. अशा पुड्यांत वाटलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्या मिसळलेल्या असल्याचे अनेक वेळा आढळले आहे. शिसे, पाऱ्यासारखे धातूही सापडले आहेत.

ज्या स्टेरॉइडच्या भीतीने रुग्ण पंप टाळतो, तेच स्टेरॉइड तो पुडीतून पोटात घेतो, तेही कितीतरी पटींनी जास्त. पंपातील मात्रा मायक्रोग्रॅममध्ये असते, म्हणजे मिलिग्रॅमचा हजारावा भाग, आणि ती थेट फुप्फुसात जाते. पुडीतील गोळी साऱ्या शरीरात जाते. चेहरा गोल होतो, वजन वाढते, साखर व रक्तदाब चढतो, हाडे ठिसूळ होतात. एकदम बंद केली तर शरीर कोसळूही शकते. अशी पुडी कोणी महिनोन्‌महिने घेतली असेल, तर ती अचानक न सोडता पुडीसकट डॉक्टरकडे यावे. संकोच करू नये. डॉक्टर रागावतील या भीतीने लपवलेली पुडी जास्त घातक ठरते.

याच भागातील एका मध्यमवयीन बागायतदारांची हकिकत सांगतो. रोजचा पंप नियमित घेत असल्याने त्यांचा दमा दोन वर्षे ताब्यात होता. कोणीतरी दिलेल्या मुळीने ‘कायमचा बरा होईल’ असे ऐकले आणि त्यांनी पंप बंद केला. तीन-चार आठवडे काहीच त्रास झाला नाही. त्यांनी चार जणांना मुळीचे नावही सांगितले. पाचव्या आठवड्यात, पावसात, सर्दीचे निमित्त झाले आणि पहाटे त्यांना रिक्षात बसवून आणले तेव्हा एक वाक्य धड बोलता येत नव्हते. ऑक्सिजन लावून मोठ्या रुग्णालयात हलवावे लागले. ते वाचले. पण पहिल्या चार आठवड्यांत जी मुळी गुणकारी वाटत होती, ती वस्तुतः आधीच्या पंपाची शिल्लक होती. प्रतिबंधक औषधाने उतरलेली सूज औषध थांबल्यावर लगेच परतत नाही, हळूहळू परतते. त्यामुळे श्रेय मुळीला मिळते आणि दोष पावसाला.

जगातील दम्याच्या रुग्णांपैकी सुमारे १३ टक्के भारतात आहेत, पण दम्याने होणाऱ्या मृत्यूंपैकी ४० टक्क्यांहून अधिक भारतात होतात, असा जागतिक रोगभार अभ्यासाचा २०१९ चा अंदाज आहे. हे मृत्यू औषध नसल्यामुळे होतात असे नव्हे. पुष्कळदा औषध असून ते घेतले जात नाही. २०१९ मध्ये दम्याच्या जागतिक मार्गदर्शक तत्त्वांतही बदल झाला. नुसत्या सालब्युटामॉलच्या पंपावर राहू नये, सूज उतरवणारे स्टेरॉइडचे औषध श्वासावाटे मिळालेच पाहिजे, असे तेव्हापासून सांगितले जाते.

रुग्णांनी काय करावे?

झाडपाल्याचे औषध घ्यायचेच असेल तर ते चालू उपचारासोबत घ्यावे, त्याच्या जागी नव्हे. काय घेता ते डॉक्टरांना सांगावे. आयुर्वेदाचे औषध हवे असेल तर पदवीधर, नोंदणीकृत वैद्यांकडून घ्यावे आणि बाटलीवर घटक, कंपनी व परवाना क्रमांक पाहावा. पंप कमी करायचा असेल तर तो पावसाळ्यात किंवा सर्दी झालेली असताना स्वतःच्या मनाने कमी करू नये. दमा निदान दोन-तीन महिने ताब्यात असेल तर डॉक्टरच मात्रा टप्प्याटप्प्याने उतरवतात.

घरी फुंकण्याचे एक छोटे यंत्र ठेवावे. त्याला पीक फ्लो मीटर म्हणतात आणि ते औषधाच्या मोठ्या दुकानात मिळते. सकाळ-संध्याकाळ तीनदा जोराने फुंकून त्यातला मोठा आकडा वहीत लिहावा. ज्या काळात बरे असता तेव्हाचा सर्वांत चांगला आकडा हा तुमचा स्वतःचा मापदंड. आकडा त्याच्या ८० टक्क्यांखाली घसरू लागला तर डॉक्टरांना दाखवावे. ५० टक्क्यांखाली गेला तर तो धोका आहे, तातडीचा पंप ओढून लगेच रुग्णालय गाठावे. कोणत्याही नव्या उपायाने ‘बरे वाटते’ असे म्हणण्याआधी ही वही उघडून पाहावी. वही भिडेला बळी पडत नाही.

आणि पुढील लक्षणे दिसली तर काढा उकळत बसू नये. एका दमात वाक्य पुरे न होणे, ओठ निळसर पडणे, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जाणे, तातडीच्या पंपाने आराम न पडणे किंवा तासाभरात पुन्हा दम लागणे. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. ती येईपर्यंत रुग्णाला बसते ठेवावे, आडवे करू नये, आणि तातडीचा पंप शक्यतो स्पेसरमधून देत राहावे.

एखाद्या दिवशी आपल्या कुंपणातल्या किंवा रानातल्या एखाद्या पाल्यातून दम्याचे नवे, सिद्ध झालेले औषध निघाले तर मला आनंदच होईल. भारतात वैद्यकीय चाचण्यांची सरकारी नोंदवही २००७ पासून सुरू आहे आणि तीत आयुर्वेदिक औषधांच्या चाचण्याही नोंदल्या जातात. हे काम चालू राहिले पाहिजे. तोपर्यंत पंप उशाशी असू द्यावा, वही जवळ असू द्यावी आणि अडुळसा खोकल्यापुरता.